दाराची बाजू

“बाई, पुढच्या गुरुवारी आहे ना?”

शिंपीणकाकू एका हातानं भिंत धरून पायानं चप्पल चाचपत होत्या. गेली एकोणीस वर्षं त्या हे विचारत आल्या होत्या आणि ‘आहे, आहे’ हे उत्तर पाठीमागून ऐकत जिना उतरत आल्या होत्या. खरं म्हणजे तो प्रश्न नव्हताच. घराला कुलूप लावल्यावर आपण ते उगाच एकदा ओढून बघतो, तसं ते होतं.

“बघू,” बाई म्हणाल्या.

काकूंचा पाय चपलेत अर्धा गेला आणि तिथेच राहिला. मागे खुर्च्या एकावर एक चढवत असलेले ड्रायव्हरकाकाही थांबले.

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू. आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?”

काकू हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. जन्मभर शिलाई मशीनवर वाकून त्यांच्या पाठीला पोक आलं होतं, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघायचं तर त्यांना मान तिरकी करावी लागे. तशी मान करून त्यांनी बाईंना नीट बघून घेतलं आणि खाली गेल्या. ड्रायव्हरकाकांनी शेवटची खुर्ची चढवली, ‘दिवे?’ एवढंच विचारलं, आणि बाई ‘मी करते बंद’ म्हणाल्यावर तेही गेले. खाली फुटपाथवर दोघांची काय चर्चा चालली असेल ते बाईंना वरूनच कळत होतं. तब्येत बरी नसेल. मुलीकडे जायचं असेल. यजमानांचं काही असेल. ‘बाईंना आमचा कंटाळा आला’ हे मात्र त्या दोघांच्या डोक्यात येणार नव्हतं, आणि त्याचीच बाईंना लाज वाटत होती.

हा हॉल म्हणजे दवाखान्याच्या डोक्यावरचा मजला. मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा इथे नाचाचा वर्ग भरे. नाचाचा म्हणायचं इतकंच. येणाऱ्यांत खुबा बदललेले असत, कामावरून थेट येणाऱ्या बायका असत, खालच्या डॉक्टरांनी ‘वर जा, जरा हातपाय हलवा’ म्हणून गोळीसारखे लिहून दिलेले पेशंट असत. बाई कुणालाच परत पाठवत नसत. ज्याला उभं राहता येत नाही त्याला खुर्चीत बसवून नाचवत. ड्रायव्हरकाका पहिल्यांदा आले तेव्हा चौतीस वर्षं बस चालवून त्यांचा गुडघा दरवाजाच्या जुन्या बिजागरीसारखा वाजत होता. ते सहा महिने खुर्चीत बसून नाचले आणि सातव्या महिन्यात उभे राहिले. त्या दिवशी अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि काकांनी सवयीनं मागे वळून बघितलं, की कुणासाठी वाजतायत.

हॉलमध्ये आरसा नव्हता. तो कधी आलाच नाही. त्यामुळे बाई वर्गाकडे तोंड करून उभ्या राहत आणि स्वतःच आरसा होत. तोंडानं ‘उजवा हात वर’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. ‘डावं पाऊल पुढे’ म्हणायचं आणि स्वतःचं उजवं पुढे टाकायचं. नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास गोंधळे आणि विचारी, “बाई, उजवा म्हणजे तुमचा का आमचा?”

“या खोलीत मला उजवा हात नाही,” बाई सांगत. “सगळे उजवे तुमचे.”

यावर वर्ग हसे. एकतीस वर्षं हसत होता.

बाई इथे आल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि मास्तरांच्या संचात नाचत होत्या. मास्तरांचा संच म्हणजे त्या काळी मोठं नाव. गावोगावी प्रयोग, पोस्टरवर फोटो. एका प्रयोगात बाईंचा घोटा मुरगळला. मास्तर म्हणाले, “सहा महिने थंड घे. तोवर त्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये शिकवायला कुणीतरी हवंय, तिथे जा. पाय बरा झाला की ये.” पाय दोन महिन्यांत बरा झाला. पण तोवर वर्गात अकरा जणी झाल्या होत्या, आणि दर गुरुवारी त्यांतली कुणीतरी जाता जाता विचारी, ‘पुढच्या गुरुवारी आहे ना?’ नाही कसं म्हणायचं? समोरचं माणूस घामेजलेलं असे, खूश असे, आठवड्यात पहिल्यांदाच त्याच्या अंगात जीव आलेला असे. बाई म्हणत, ‘आहे.’ पुढल्या गुरुवारनंतर मास्तरांना कळवू, असं ठरवत. अशी सहा महिन्यांची सोय एकतीस वर्षं टिकली. मधल्या काळात मुलगी झाली, मोठी होऊन लांब नोकरीला गेली, मास्तर वारले, आणि चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. तेव्हापासून घरीही वर्गच होता, फक्त एका विद्यार्थ्याचा.

बाईंना वर्गातल्या माणसांचा लळा होता आणि बाईंना त्यांचा राग येई. दोन्ही खरं. कधी कधी गुरुवारी जिना चढताना त्यांना वाटे, आज वरती कुणीही नसावं. मग दार उघडलं की सतरा-अठरा चेहरे वळून बघत, आणि त्यांच्या नकळत त्यांचं तोंड हसरं होई. ते हसू खोटं नव्हतं, पण त्यातून सुटकाही नव्हती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी धाकटीचा फोन आला.

संचात ती सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. आता पन्नाशी उलटली, हातात काठी आली, मास्तरांनंतर संच तीच चालवत होती, तरी नाव तेच राहिलं. बाई तिची थोरली.

“थोरले, ‘निघणं’ परत करतोय आम्ही,” धाकटी म्हणाली. “मास्तरांचं. सहा आठवडे, अकरा गावं. बाकीचं सगळं जमवलं गं, पण शेवटचा तुकडा कुणाकडेच नाही. तो तुझा होता. तू सोडल्यावर मास्तरांनी तो कुणाला दिलाच नाही, कापूनच टाकला.”

“मग मुलींना पाठव ना माझ्याकडे. शिकवते.”

“अगं शिकव कसलं? तू नाचायचंस.”

बाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.”

“म्हणूनच. घर सोडून निघालेली बाई आहे ती. सत्तावीस वर्षांच्या पोरीला सोडायला घरात असतं काय? तू ये. दार आहे, दिवा आहे, खुर्ची आहे. सगळ्यांचा निरोप घ्यायचा, दाराबाहेर पडायचं आणि मागे वळून बघायचं नाही. येतं ना अजून?”

येतं ना! बाईंना हसू आलं. मंगळवार-गुरुवार, वर्ग संपताना अंग सैल करायला त्या हाच तुकडा घेत. थोडा सोपा करून. वर्गानं त्याला ‘निघायचा नाच’ असं नाव ठेवलं होतं. कारण तो उजवीकडे सरकत सरकत जाई, हॉलचं दार वर्गाच्या उजव्या हाताला होतं, आणि नाच संपता संपता सगळे थेट आपापल्या चपलांपाशी पोचत. एकतीस वर्षं, आठवड्यातून दोनदा. झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी बाई तो नाचल्या असत्या.

त्यांनी हो म्हटलं. त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की धाकटीनंच परत ‘नक्की ना?’ विचारलं.

मग एकेक गोष्ट मार्गी लागत गेली. बाईंना वाटलं होतं, कुठेतरी घोडं अडेल. अडलं नाही. नणंदेनं भावाला सहा आठवडे सांभाळायचं कबूल केलं. “वहिनी, तू जा बिनधास्त. दादाला मी बघते,” ती म्हणाली आणि त्याच दिवशी त्याच्या खोलीतल्या वस्तूंच्या जागा बदलायला लागली. हॉलच्या मॅनेजरनं सांगितलं, “सहा आठवडे बंद ठेवलात तर ही वेळ दुसऱ्या कुणाला जाईल हं, मग परत मिळायची नाही.” आणि बाई म्हणाल्या, “जाऊ दे.” हे दोन शब्द आपल्याच तोंडून आले यावर त्यांचा घरी पोचेपर्यंत विश्वास बसला नाही. वर्गाला मात्र त्यांनी काहीच सांगितलं नाही. आज सांगू, पुढच्या वेळी सांगू, करता करता हा शेवटचा गुरुवार आला, आणि सांगायचं ते सगळं त्या ‘बघू’मध्ये कोंबून झालं.

सगळे गेल्यावर बाईंनी दिवे चालूच ठेवले, रचलेल्या खुर्च्यांकडे तोंड केलं आणि तुकडा पहिल्यापासून केला, जसा धाकटीच्या फोनपासून दर वर्गानंतर करत होत्या. दिव्याचा निरोप. खुर्चीचा निरोप. मग ते सरकत जाणं. दाराशी पोचल्या तेव्हा श्वास लागला होता, पण घोटा दुखत नव्हता. ‘जमतंय,’ त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दहाला त्या संचाच्या तालीमघरात पोचल्या.

मोठी खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला पुरे सात आरसे. आज मात्र आरशांवर पडदे ओढलेले होते, कारण धाकटीला प्रयोगासारखीच तालीम हवी होती. एका बाजूला लाकडाची चौकट उभी केली होती. तेच दार. दुसऱ्या बाजूला कापडावर रंगवलेली घराची भिंत, तिच्यावर एक न उघडणारी खिडकी. मध्ये दिवा आणि खुर्ची. सात मुलं-मुली जमिनीवर पाय पसरून बसली होती. बाई आत आल्यावर ती झटकन उठून उभी राहिली, आणि या उठण्यानं बाईंना उगाचच रडू आलं. त्यांच्या वर्गात कुणाला असं झटकन उठता येत नव्हतं.

“बसा रे, बसा,” त्या म्हणाल्या. “मी काही तपासनीस नाही.”

धाकटीनं काठी टेकत येऊन त्यांना मिठी मारली. “घाबरलीस?”

“नाही.”

“मग हात का गार पडलेत?”

“वय झालं गं. रक्त सावकाश पोचतं.”

टेप सुरू झाली. मास्तरांचीच जुनी टेप, मध्ये मध्ये खरखरणारी. पहिल्या ठोक्याला बाईंच्या पाठीतून जे काही सरसरत गेलं ते त्यांना एकतीस वर्षांत झालं नव्हतं. कुणाला काही सांगायचं नव्हतं. कुणाचा खांदा खाली येतोय, कुणाचा तोल जातोय, काही बघायचं नव्हतं. तोंडानं मोजायचं नव्हतं. हात आपला, पाय आपला. दिव्याशी त्या थांबल्या तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा बसलेल्यांतल्या एका मुलीनं डोळे पुसले. मग ते सरकणं आलं, एकेक पाऊल, मान ताठ, नजर खाली, मागे बघायचं नाही, मागे बघायचं नाही. शेवटच्या ठोक्याला बाईंनी हात पुढे केला, दार ढकलायला, आणि नजर वर केली.

समोर भिंत होती.

रंगवलेली खिडकी त्यांच्या नाकापासून वीतभर लांब होती. दार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या पाठीमागे होतं.

टेप संपून नुसतीच खरखरत राहिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“घाईत दिशा चुकली,” बाई म्हणाल्या. “परत करूया.”

दुसऱ्यांदा त्यांनी मनाशी पक्कं धरलं, उजवीकडे, माझ्या उजवीकडे. उजवा पाय म्हणजे उजवाच. आणि गेल्याही उजवीकडे, दाराशी पोचल्याही. पण डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून चालावं तसं ते चालणं झालं. दिव्यापाशी हात कुठला न्यायचा हे आठवण्यात ठोका निघून गेला. खुर्चीपाशी त्या थांबल्या ते निरोप घ्यायला नव्हे, पुढचं पाऊल शोधायला, आणि ते सगळ्यांना दिसलं. डोळे पुसणारी मुलगी आता जमिनीकडे बघत होती.

तिसऱ्यांदा बाईंनी डोळे मिटले आणि विचार करायचं सोडून दिलं. अंग पुन्हा मोकळं झालं, सुंदर झालं. आणि अंग त्यांना घेऊन थेट भिंतीपाशी गेलं.

धाकटीनं मुलांना चहाला पाठवलं. दोघीच उरल्यावर ती दिव्याशेजारी जमिनीवर बसली, काठी आडवी ठेवली.

“थोरले, तू चुकत नाहीयेस. तू अख्खा तुकडा उलटा करतेयस. एकही पाऊल इकडचं तिकडे नाही, पण सगळा उलटा.”

बाई त्या रंगवलेल्या खिडकीकडे बघत होत्या. त्यांना हॉल दिसत होता. तिथे वर्गाच्या उजव्या हाताला दार, म्हणजे समोर तोंड करून उभ्या असलेल्या बाईंच्या डाव्या हाताला. तीन आठवडे त्या खुर्च्यांना वर्ग समजून त्यांच्यासमोर नाचत होत्या आणि दर वेळी बरोबर दाराशी पोचत होत्या. चूक कळणार कुठून?

“मग दारच इकडे आणा ना,” त्या म्हणाल्या. बोलताना स्वतःचाच आवाज त्यांना हट्टी मुलासारखा वाटला. “भिंत तिकडे न्या. चौकट तर आहे.”

“आणलं असतं गं. पण सुरुवातीला सातही जण त्याच दारानं आत येतात. सगळं त्याच्यावर बांधलंय, पाऊण तास. दिवेसुद्धा.” धाकटीनं काठीवरून अंगठा फिरवला. “बारा दिवस आहेत. बारा दिवसांत सरळ करशील?”

हो म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्या हो म्हणत आल्या होत्या.

“पाय करतील,” त्या म्हणाल्या. “पण मग ती मोजत चाललेली बाई दिसेल. निघालेली नाही दिसणार.”

धाकटीनं होकाराची मान हलवली. थोड्या वेळानं बाईंनीच पदर खोचला आणि उठल्या. “ती डोळे पुसत होती ना, तिला बोलाव.”

मुलगी आली. खांद्यावर तीळ असलेली, उंच, अवघडलेली. बाई तिच्यासमोर तोंड करून उभ्या राहिल्या.

“माझ्याकडे बघ. पायांकडे नको बघू, तोंडाकडे बघ. पाय आपोआप येतात. उजवा हात.”

आणि बाईंनी डावा हात उचलला.

एक वाजायच्या आत मुलीनं तुकडा घेतला. बाईंनाही नवल वाटलं, इतका तो सरळ गेला, पाण्यासारखा. मुलीचं खुर्चीपाशी चुकत होतं तेव्हा बाई म्हणाल्या, “खुर्चीला हात लावू नकोस. खुर्चीत कुणीतरी बसलंय, त्याच्या खांद्याला लाव.” मुलीनं लावला, आणि धाकटीनं तोंड फिरवलं. मग सरकणं आलं. मुलगी तिच्या उजवीकडे, बाई स्वतःच्या डावीकडे, दोघी समोरासमोर, एकेक पाऊल, थेट चौकटीपर्यंत. तिथे बाई थांबल्या आणि मुलगी दारातून बाहेर गेली. मागे न बघता.

“बरोबर आहे का हो?” तिनं चौकटीपलीकडूनच, पाठमोरं राहून विचारलं.

“बरोबर आहे,” बाई अलीकडून म्हणाल्या.

निघताना धाकटी जिन्यापर्यंत आली. “तू चल तरी आमच्याबरोबर. सहा आठवडे मुलांना बघायला कुणीतरी हवंच आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तुझं नाव मोठ्या अक्षरात घालते.”

“शिकवायला एवढ्या लांब कशाला जाऊ?” बाई म्हणाल्या. “शिकवायचंच असेल तर माझा गुरुवार आहे.”

त्यांना हे विनोदानं म्हणायचं होतं. पण तसं ते झालं नाही. मग त्या भराभर जिना उतरल्या. रस्त्यावर ऊन होतं, लोक सामान घेऊन चालले होते, आणि बाई समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देताना डावीकडे होत होत्या. आज हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

घरी नणंदेनं दादाचं कपाट लावून ठेवलं होतं, अशा रीतीनं की आता त्याचा एक मोजा सापडायला अर्धा तास लागला असता.

“कधी निघायचं ठरलं, वहिनी?”

“नाही निघायचं.”

“अगं बाई! का? मी तर सगळी तयारी केली.”

“त्यांना तरुण मुलगी मिळाली.”

नणंदेला हे लगेच पटलं. तिनं ‘बरंच झालं म्हणा, या वयात कुठे उड्या मारायच्या’ असं म्हणून पर्स उचलली आणि ती गेली. नवरा खुर्चीत बसून बाईंकडे बघत होता. तो नकाशे काढणारा माणूस होता. चाळीस वर्षं ट्रेसिंगच्या कागदावर दुसऱ्यांची घरं काढत आला होता. आता त्याचा प्रत्येक शब्द सावकाश यायचा आणि म्हणून विचार करूनच यायचा.

“माझ्यामुळे?” त्यानं विचारलं.

“तुमच्यामुळे नाही हो. सगळं तुमच्यामुळे व्हायला तुम्ही काय राजे आहात? चला, उठा. सकाळचं चालणं राहिलंय.”

त्या पॅसेजमध्ये त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि मागे मागे पाऊल टाकायला लागल्या. उजवा, त्या म्हणत, आणि स्वतःचा डावा मागे घेत. डावा. उजवा. पॅसेजच्या टोकाशी त्यांचा आवाज बदलला. मग त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता, पावलं टाकता टाकताच. दार कुठे होतं, भिंत कुठे होती, तीन वेळा काय झालं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पुसता येईना.

नवरा थांबला.

“एकदा,” तो म्हणाला, “ट्रेसिंग... उलटं ठेवलं. मी. जिना... दुसरीकडे बांधला गेला. तीन मजले.”

“मग?”

“मग काय. लोक... राहतायत. चढतायत, उतरतायत.” त्यानं दम घेतला. “मला मात्र... त्या रस्त्यानं जाववत नाही.”

बाईंना वाटलं होतं तो समजूत घालेल. त्यानं घातली नाही, आणि त्यासाठी त्या क्षणी त्यांना तो फार आवडला. त्यांनी त्याच्याच बाहीला डोळे पुसले आणि त्याला परत खुर्चीपर्यंत आणलं, मागे मागे चालत.

सोमवारी सकाळी त्यांनी मॅनेजरला फोन केला. वेळ अजून कुणाला दिली नव्हती. “मला माहीत होतं तुम्ही फोन करणार,” तो म्हणाला. हे त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं, पण बाईंनी ‘ठेवते’ म्हणून मध्येच फोन ठेवला.

मंगळवारी बाईंचीच डॉक्टरांकडची वेळ ठरलेली होती, तो वर्ग आधीच रद्द होता. गुरुवारी त्या जिना चढल्या. वरती अठरा जण होते. कुणी काही विचारलं नाही. शिंपीणकाकूंनी मान तिरकी करून एकदा बघितलं आणि “आलात,” एवढंच म्हणाल्या. सगळे नेहमीपेक्षा जरा जास्तच सरळ उभे होते, उगीचच. रागावलेल्या माणसाच्या घरी मुलं वागतात तसे. वर्ग झाला. हात वर गेले, पाय पुढे आले, ड्रायव्हरकाकांचा गुडघा दोनदा वाजला आणि दोनदा काका ‘हॉर्न दिला’ म्हणाले.

शेवटी निघायचा नाच आला.

बाईंनी टेप लावली, आणि वर्गाकडे तोंड करण्याऐवजी त्या वळल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. समोर रिकामी भिंत होती, वर घड्याळ. मागे कुजबुज झाली.

“आज असंच करायचं,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “तुमचा उजवा तो माझा उजवा. माझ्या मागून या.”

त्यांनी उजवा हात उचलला. खरा उजवा. दिवा. मग खुर्ची. उजवा पाय उजवीकडे. दार आता त्यांच्याही उजव्या हाताला होतं. अंग अडखळत होतं, पण इथे बघायला कुणाचा चेहरा नव्हता, आणि अर्धं मिनिट, फार तर पाऊण मिनिट, बाई एकट्याच कुठेतरी निघाल्या होत्या. पाचव्या पावलाला त्यांच्या लक्षात आलं की मागे पावलांचा आवाजच नाही.

त्यांनी मान वळवली नाही. वळवायची नसते तिथे.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

 मग शिंपीणकाकूंचा आवाज आला, ओशाळलेला.

“बाई, पाठीकडे बघून नाही हो येत आम्हाला. इकडे तोंड करा ना.”

घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती. दार चार पावलांवर होतं, उघडं, पलीकडे अठरा जोड चपला. बाई त्या दाराकडे बघत टेपचे दोन ठोके तशाच उभ्या राहिल्या.

मग त्या वळल्या. अठरा चेहरे त्यांच्याकडे लागले होते.

“चला, पहिल्यापासून,” बाई म्हणाल्या. “उजवा हात.”

आणि त्यांनी डावा उचलला.